व्हायोलिनच्या पोटातली काडी आणि सर सी. व्ही. रामन

सर सी. व्ही. रामन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रामन इफेक्ट, नोबेल पारितोषिक, 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन आणि त्या दिवशी कॉलेजात होणारं पोस्टर प्रेझेंटेशन. बस्स! त्यापुढे आपली गाडी जात नाही. माझीही जात नव्हती. पण हाच माणूस आपल्या उमेदीची पहिली दहा-बारा वर्षं मुख्यतः व्हायोलिन, वीणा, तंबोरा आणि तबला यांच्या मागे लागला होता, आणि तेही सरकारी नोकरी सांभाळून, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आज मी तुम्हाला त्या रामन यांची गोष्ट सांगणार आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे मराठीत मध्येमध्ये इंग्रजी शब्द डोकावतील, तेवढं चालवून घ्या.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1888 रोजी तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ झाला. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. पुढे नोकरीनिमित्त ते विशाखापट्टणमला गेले आणि रामन यांचं बालपण तिथे समुद्राकाठी गेलं. घरात पैसा फार नव्हता, पण दोन गोष्टी भरपूर होत्या. एक म्हणजे पुस्तकं आणि दुसरी म्हणजे व्हायोलिन. वडील कर्नाटक पद्धतीचं व्हायोलिन वाजवायचे. दक्षिणेत वादक मांडी घालून बसतात आणि व्हायोलिनचं टोक पायावर टेकवतात, तसं. म्हणजे आपल्या घरात जसा रेडिओ लागतो, तसं या मुलाच्या कानावर रोज व्हायोलिन पडत होतं.

मुलगा हुशार म्हणजे किती हुशार? अकराव्या वर्षी मॅट्रिक! ज्या वयात आपण सायकलवरून ट्यूशनला जात होतो त्या वयात हा कॉलेजात. 1904 साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून बी.ए., विद्यापीठात पहिला, भौतिकशास्त्राचं सुवर्णपदक. 1907 च्या सुरुवातीला एम.ए. याच काळात त्यांच्या हातात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचं नाद आणि संगीतावरचं पुस्तक पडलं. आयुष्यभर ज्या मोजक्या पुस्तकांचे उपकार ते मानत राहिले, त्यात हे एक होतं. त्यांचा पहिला शोधनिबंध लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये नोव्हेंबर 1906 मध्ये छापून आला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. (मी वीस वर्षांची आहे आणि माझा पहिला लेख हा तुम्ही वाचताय तो. असो!)

एवढ्या हुशार मुलाने विलायतेला जावं असं सगळ्यांना वाटत होतं. पण मद्रासच्या सिव्हिल सर्जनने प्रकृती तपासली आणि तिथली थंडी याला सोसणार नाही असा निकाल दिला. भारतात तेव्हा संशोधनाची नोकरी म्हणावी अशी नव्हतीच. घरची जबाबदारी होती. मग रामन यांनी तेच केलं जे आज आपल्या वर्गातली निम्मी मुलं करायच्या तयारीत आहेत. त्यांनी स्पर्धा परीक्षा दिली! भारतीय वित्त सेवेची, म्हणजे सरकारी हिशेबखात्याची. तिच्यातही ते पहिले आले. त्याच वर्षी, 1907 मध्ये लोकसुंदरी यांच्याशी लग्न झालं. त्या वीणा वाजवत. आणि हे अठरा वर्षांचे साहेब कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. चांगला पगार, बंगला, पेन्शन. पण एक दिवस ट्रामने जाताना बहूबाजार स्ट्रीटवर त्यांना एक पाटी दिसली. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी 1876 मध्ये ही संस्था स्थापन केली होती. भारतीयांनी स्वतः संशोधन करावं म्हणून त्यांनी जन्मभर पैसा गोळा केला, पण संशोधन करणारं कोणी येत नव्हतं. प्रयोगशाळा धूळ खात पडली होती. रामन यांनी दार वाजवलं. दार उघडलं ते आशुतोष डे यांनी, जे पुढे वर्षानुवर्षं रामन यांचे मदतनीस झाले. त्यानंतरचं रामन यांचं टाइमटेबल ऐका. पहाटे उठून असोसिएशन, साडेनऊ-दहाला घरी येऊन कसंबसं जेवण, मग ऑफिस, संध्याकाळी पाचनंतर ऑफिसातून परस्पर पुन्हा असोसिएशन, रात्री नऊ-दहाला घरी. रविवारी तर दिवसभर तिथेच. आपण सबमिशनच्या आठवड्यात जे करतो ते या माणसाने दहा वर्षं केलं.

मध्ये बदल्याही झाल्या. 1909 मध्ये रंगून. वडील वारले म्हणून काही महिने मद्रासला राहावं लागलं. मग 1910 मध्ये कुठे, तर आपल्या नागपूरला! तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती आणि आपलं जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. मनमाडहून येणारी रेल्वे जालन्याला पोचून जेमतेम दहा वर्षं झाली होती. नागपुरात ना असोसिएशन, ना प्रयोगशाळा. पण रामन यांनी घरालाच प्रयोगशाळा केलं. वर्षभराच्या आतच बढती मिळून ते 1911 मध्ये परत कलकत्त्याला गेले. मला हा नागपूरचा तुकडा फार आवडतो. आमच्याकडे सुविधा नाहीत, आमचं शहर लहान आहे, हे रडगाणं आपण सारखं गातो ना, म्हणून.

आता मुख्य प्रश्न. भौतिकशास्त्रात एवढे विषय असताना व्हायोलिनच का? त्यासाठी मला थोडं व्हायोलिनच्या पोटात शिरावं लागेल.

मी शाळेत असताना आमच्या संगीताच्या सिस्टरकडे एक जुनं व्हायोलिन होतं. एका उन्हाळ्यात त्यांनी तारा बदलायला म्हणून सगळ्या एकदम काढल्या आणि आत काहीतरी टकटक वाजायला लागलं. नव्या तारा लावल्या तर आवाज असा, की रिकाम्या पत्र्याच्या डब्यातून कोणी गातंय. जालन्यात व्हायोलिन दुरुस्त करणारं कोण मिळणार? आपल्याकडे लोखंडाच्या सळ्या बनवणारे कारखाने पाहिजे तेवढे, बियाणांच्या कंपन्या पाहिजे तेवढ्या, पण व्हायोलिनवाला एकही नाही. शेवटी भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करणारे एक काका होते, त्यांच्याकडे सिस्टरनी मला बरोबर घेऊन व्हायोलिन नेलं. काकांनी ते हलवून बघितलं, टॉर्च मारून आत बघितलं आणि म्हणाले की आतली काडी पडली आहे.

ती काडी म्हणजे साउंडपोस्ट. स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाची, साधारण 6 मिलिमीटर जाडीची एक गोल दांडी. व्हायोलिनची वरची पाटी आणि खालची पाटी यांच्या मध्ये ती उभी असते. गंमत म्हणजे ती कशानेही चिकटवलेली नसते! ना सरस, ना खिळा. तारांचा ताण घोडीवर येतो, घोडी वरच्या पाटीला दाबते आणि त्या दाबाखाली ही काडी घट्ट उभी राहते. चारही तारांचा मिळून ताण वीस-पंचवीस किलोच्या आसपास असतो आणि त्यातला सात ते नऊ किलो भार घोडीवाटे खाली येतो. म्हणून तारा सगळ्या एकदम काढायच्या नसतात. एक काढायची, तिथे नवी लावायची, मग दुसरी. ताण गेला की काडी पडते.

फ्रेंच आणि इटालियन लोक या काडीला आत्मा म्हणतात. ऐकायला हे कवितेसारखं वाटतं, पण ते शुद्ध मेकॅनिक्स आहे. गज तारेवर आडवा फिरतो. तार घोडीला आडवी ढकलते. घोडीला दोन पाय असतात, त्यामुळे ती सी-सॉसारखी डुलते. एक पाय वर तर दुसरा खाली. आता समजा आत काडी नाही. मग एका पायाखालची पाटी वर जाईल तेव्हा दुसऱ्या पायाखालची खाली जाईल. एकीने ढकललेली हवा दुसरी ओढून घेणार. बेरीज जवळपास शून्य! आवाज येणार कुठून? म्हणून बारीक तारेच्या बाजूच्या पायाजवळ ही काडी उभी करतात. ती त्या पायाला जवळजवळ अडवून धरते. मग सगळी हालचाल जाड तारेच्या बाजूच्या पायाकडून होते आणि तिथे पाटीच्या आतून चिकटवलेली एक लांब पट्टी, जिला बास बार म्हणतात, ती हालचाल पाटीभर पसरवते. आता पाटी पंपासारखी हवा ढकलते. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असत्या तर व्हायोलिन मुकंच राहिलं असतं. त्याला आवाज मिळतो तो या मुद्दाम केलेल्या असमतोलामुळे. व्हायब्रेशनच्या तासाला हे उदाहरण कोणी सांगत नाही, का कुणास ठाऊक!

पेटीवाल्या काकांनी काय केलं? सायकलचा एक जुना स्पोक घेतला, तो वाकवून इंग्रजी एस सारखा केला, एक टोक घासून धारदार केलं. ते टोक काडीत रुतवलं, वरच्या पाटीतल्या इंग्रजी एफच्या आकाराच्या भोकातून काडी आत नेली आणि घोडीच्या पायामागे दोन-तीन मिलिमीटरवर उभी केली. काडीची दोन्ही टोकं पाटीच्या आतल्या उताराला बरोबर बसली पाहिजेत, नाहीतर ती एका कडेवर टेकते आणि मऊ लाकडाला खड्डा पडतो. तारा थोड्या ताणल्या. सिस्टरना वाजवायला सांगितलं. मग स्पोकचं दुसरं टोक आत घालून काडीला अगदी हलका धक्का. पुन्हा वाजवा. पुन्हा धक्का. अर्ध्या मिलिमीटरने आवाज बदलत होता! घोडीच्या जवळ सरकवली की स्वर टोकदार, चकचकीत. लांब नेली की मऊ, पण लांब फारच नेली की ढिला. साधारण तासाभराने काका थांबले. त्या व्हायोलिनचा आवाज पहिल्यापेक्षाही मोठा झाला होता. त्यांना विचारलं, कसं कळलं कुठे थांबायचं? त्यांनी नुसता कानाला हात लावला.

रामन यांचा सगळा खटाटोप इथून सुरू होतो असं मला वाटतं. कानाला जे कळतं, ते मोजता येईल का?

हा प्रश्न विचारणारे ते पहिले नव्हते. आपण ज्यांना बायो-सावार्ट लॉमुळे ओळखतो (आणि परीक्षेत घाबरतो), ते फ्रान्सचे फेलिक्स सावार्ट मुळात डॉक्टर होते. व्हायोलिनच्या नादाने ते भौतिकशास्त्रात आले. त्यांनी 1819 च्या सुमारास सरळ पाट्यांचं, पेटीसारखं व्हायोलिन बनवलं आणि साउंडपोस्टचाही अभ्यास केला. त्यानंतर हेल्महोल्ट्झ यांनी दाखवलं की गज फिरताना तार आपल्याला दिसते तशी कमानीसारखी हलत नाही. तिचे खरं तर दोन सरळ तुकडे असतात आणि त्यांच्या मधला कोपरा तारेवरून गोल गोल धावत असतो. प्रत्येक फेरीत तार काही वेळ गजाला चिकटून जाते आणि मग झटकन सुटते. चिकटणं, सुटणं, चिकटणं, सुटणं. सेकंदाला शेकडो वेळा.

हेल्महोल्ट्झ जिथे थांबले तिथून रामन यांनी पुढे सुरुवात केली. 1918 साली त्यांनी असोसिएशनतर्फे एक मोठा प्रबंध छापला. विषय होता गजाने वाजणाऱ्या तारांचं आणि व्हायोलिनच्या कुळातल्या वाद्यांचं यांत्रिक शास्त्र. तारेवर एकाऐवजी दोन, तीन किंवा जास्त कोपरे धावले तर काय होईल, याची त्यांनी पद्धतशीर वर्गवारी केली आणि फोटो काढून ती तपासली. आज कॉम्प्युटरवर व्हायोलिनचं सिम्युलेशन करणारे लोकसुद्धा त्या कामापासून सुरुवात करतात.

पण मेकॅनिकलच्या मुलांना आवडेल अशी गोष्ट त्यानंतरची आहे. मोजायचं तर गज प्रत्येक वेळी अगदी सारख्या वेगाने आणि सारख्या दाबाने फिरला पाहिजे. माणसाच्या हाताला ते जमणं शक्य नाही. मग रामन यांनी व्हायोलिन वाजवणारं यंत्रच बनवलं! आणि त्यातही डोकं बघा. आपण म्हणू, गज फिरवणारी मोटर लावू. त्यांनी उलटं केलं. गज जागेवर ठेवला आणि व्हायोलिनच मोटरने पुढे-मागे सरकवलं. त्यामुळे गजावर किती दाब आहे हे वजनं लावून नेमकं ठरवता आलं. 1920 मध्ये यावरचं काम प्रसिद्ध झालं.

या यंत्रावर त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. अमुक एक स्वर स्वच्छ निघायला गजाचा कमीत कमी किती दाब लागतो? उत्तर प्रत्येक स्वराला वेगळं निघालं. ज्या स्वरांना व्हायोलिनचं शरीर स्वतःच जोरात थरथरतं, म्हणजे जिथे रेझोनन्स आहे, तिथे दाब जास्त लागतो. कारण सोपं आहे. शरीर तारेकडून ऊर्जा ओढून घेतं, ती गजाला भरून द्यावी लागते. म्हणजे दाबाचा आलेख काढला की व्हायोलिनच्या शरीराची जणू पत्रिकाच हातात येते. घोडीवर म्यूट नावाचा छोटा चिमटा बसवून वजन वाढवलं की स्वर दबका का होतो, तेही त्यांनी असंच मोजून दाखवलं. काकांनी स्पोकने काडी सरकवून जे कानाने केलं, ते आधी आणि नंतर असं मोजून ताडून बघायचा रस्ता इथे आहे.

याच रस्त्यावर त्यांना वुल्फ नोट भेटली. मोठ्या चेलोवर, कधी व्हायोलिनवरही, एखादा स्वर असा असतो की तो काही केल्या सरळ लागत नाही, लांडग्यासारखा गुरगुरतो. 1916 मध्ये रामन यांनी याचं स्पष्टीकरण मांडलं. त्या स्वराला वाद्याचं शरीर इतकी ऊर्जा खातं की गजाचा दाब पुरत नाही. मूळ स्वर सुटतो आणि त्याची वरची पट्टी लागते. तेवढ्यात शरीराचं थरथरणं कमी होतं, मूळ स्वर परत येतो, आणि पुन्हा तेच. हा चढ-उतार म्हणजे गुरगुरणं. वादक ती कमी करायला चेलो गुडघ्यांनी दाबून धरतात, कारागीर साउंडपोस्ट सरकवून बघतात. दोन्ही उपाय शेवटी शरीराच्या थरथरण्यावरच आहेत.

परदेशी वाद्यांवर थांबले असते तर ते रामन कसले! आपल्या तंबोऱ्याकडे ते वळले. तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनसारखी पातळ नसते, रुंद आणि किंचित गोलसर असते, आणि तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. त्यालाच जीव म्हणतात. धागा बरोबर जागी आला की तो मधमाश्यांच्या गुणगुणीसारखा भरलेला नाद उमटतो. मिरजेचे कारागीर घोडी कानसने घासून जवारी काढतात, ती याचसाठी. फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही कला आहे आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. रामन यांनी 1921 मध्ये दाखवलं की या घोडीवर पुस्तकातला नियम लागूच पडत नाही. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशांची गाठ येते, ते स्वरांश नियमाप्रमाणे ऐकू यायला नकोत. तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात! नियम चुकीचा नव्हता, घोडी वेगळी होती.

तबला-मृदंगावरचं काम तर आणखी भारी. ताणलेल्या साध्या चामड्याचे स्वरांश बेसूर असतात, म्हणून बहुतेक पाश्चात्त्य ड्रम सुरात लावता येत नाहीत. आपल्या पूर्वजांनी मधोमध शाई लावली. 1920 मध्ये रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी दाखवलं की या शाईमुळे चामड्याचे पहिले महत्त्वाचे स्वरांश तारेसारखे सुरात येतात. ज्या कारागिराने पहिल्यांदा शाई घोटली त्याला समीकरण माहीत नव्हतं. पण त्याचं उत्तर बरोबर होतं. रामन यांनी त्या कारागिराला अडाणी म्हटलं नाही, त्याच्या कामातलं गणित शोधलं. मला हे त्यांचं सगळ्यात मोठं मोठेपण वाटतं.

दरम्यान त्यांनी नोकरी सोडली होती. सर आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापकाची जागा देऊ केली आणि 1917 मध्ये रामन यांनी ती घेतली. पगार जवळजवळ निम्म्यावर आला. पण इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. त्यांनी भावनेच्या भरात, पहिल्याच वर्षी राजीनामा फेकला नाही. दहा वर्षं नोकरी केली, घर सांभाळलं, आणि त्याच दहा वर्षांत जगाला दाखवण्यासारखं काम उभं केलं. मगच उडी मारली. कोअर कंपनी की सॉफ्टवेअर, जॉब की एम.ई., यावर हॉस्टेलवर रात्र-रात्र वाद होतात, तेव्हा मला हे दहा वर्षांचं गणित आठवतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 1921 मध्ये ते पहिल्यांदा युरोपला गेले. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या घुमटात कुजबूज कशी फिरते याचा अभ्यास तिथेही केलाच! परतताना बोटीवर समुद्राचा निळा रंग बघून प्रश्न पडला, आणि बोट मुंबई बंदरात असताना त्यावरचं टिपण नेचर मासिकाला रवाना झालं. नादाच्या लहरींकडून प्रकाशाच्या लहरींकडे त्यांचा मोर्चा वळला. 28 फेब्रुवारी 1928 रोजी, के. एस. कृष्णन यांच्या साथीने, रामन परिणाम सापडला. उपकरणं अगदी साधी, जेमतेम काही शे रुपयांची. 1930 चं नोबेल मिळालं. विज्ञानातलं नोबेल मिळवणारे ते पहिले आशियाई. पण त्याच्या आदल्याच वर्षांत, 1927 मध्ये, जर्मनांच्या भौतिकशास्त्राच्या महाकोशात वाद्यांवरचं प्रकरण लिहायला त्यांनाच बोलावलं होतं. म्हणजे रामन इफेक्ट नसता सापडला, तरी व्हायोलिनच्या जगात त्यांचं नाव राहिलंच असतं.

इथपर्यंत लिहून मी लेख संपवणार होते. पण एक गोष्ट वाचली आणि पेन थांबलं. ती लपवून लेख देणं मला बरोबर वाटत नाही.

1933 मध्ये रामन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात पहिली आलेली एक मराठी मुलगी, कमला भागवत, तिथे प्रवेश मागायला गेली. दुर्गाबाई भागवत यांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण? ती मुलगी आहे. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. समोर जाऊन जाब विचारला, सत्याग्रह करायची तयारी दाखवली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. काम साहेबांना पसंत पडलं तरच मान्यता. वर्गातल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही अट मुलीवर!

कमलाबाईंनी ते वर्ष काढलं, असं काम केलं की अटी घालणाऱ्याला बोलायला जागा उरली नाही. नंतर रामन यांनी मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत अण्णा मणी आल्या, ज्यांनी नंतर पुण्याच्या वेधशाळेत हवामानाची भारतीय उपकरणं उभी केली. कमला भागवत, म्हणजे लग्नानंतरच्या कमला सोहोनी, 1939 मध्ये केंब्रिजहून पीएच.डी. झाल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव अग्रभागी आहे. पण त्या वर्षीचा अपमान त्या विसरल्या नाहीत, आणि त्यांनी का विसरावा?

माझ्या वर्गात साठ जणांत आम्ही पाच मुली आहोत. वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहिलं की अजूनही कोणीतरी विचारतं, तुला जमेल का? म्हणून ही गोष्ट मला परकी वाटत नाही. तंबोऱ्याच्या घोडीपुढे ज्या माणसाने पुस्तकातला नियम बाजूला ठेवला आणि कानावर विश्वास ठेवला, त्याच माणसाने समोर उभ्या असलेल्या मुलीच्या मार्कांवर विश्वास ठेवला नाही. दोन्ही रामन खरे आहेत. एकाचं कौतुक करताना दुसऱ्याला झाकायचं कारण नाही. आणि दुसऱ्यावर रागावून पहिल्याचं काम फेकून द्यायचंही कारण नाही. निदान एवढं तरी म्हणता येईल की पुरावा समोर आल्यावर त्यांनी नियम बदलला. पण तो पुरावा एका मुलीला वर्षभर स्वतःच्या खर्चाने द्यावा लागला, हेही लिहून ठेवायला हवं.

रामन 1948 मध्ये संस्थेतून निवृत्त झाले आणि बंगलोरलाच स्वतःची रामन संशोधन संस्था उभारून तिथे काम करत राहिले. 1954 मध्ये भारतरत्न. हिरे, फुलांचे रंग, डोळ्यांना रंग कसे दिसतात, असे विषय शेवटपर्यंत चालू होते. 21 नोव्हेंबर 1970 रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ते गेले.

तर मित्र-मैत्रिणींनो, येत्या विज्ञान दिनाला माझी एक विनंती आहे. निळ्या समुद्राचं पोस्टर दरवर्षी लागतं, यंदा त्याच्या शेजारी एक तबला ठेवूया. आपल्या व्हायब्रेशन लॅबमध्ये अ‍ॅक्सिलरोमीटर आहे, मोबाईलमध्ये आवाजाचा आलेख दाखवणारं अ‍ॅप फुकट मिळतं. शाईवर बोट ठेवून आणि काढून काय फरक पडतो ते मोजता येईल. कोणाच्या घरी तंबोरा असेल तर जीव सरकवून बघता येईल. खर्च जवळपास शून्य. आणि पेटीवाल्या काकांसारखे कोणी कारागीर आपल्या गावात अजून असतील, तर त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवूया. मेजरमेंटचं काम आपण करू, कुठे थांबायचं ते त्यांना विचारू. प्रोजेक्टसाठी अजून दोन जण हवे आहेत. मुली असतील तर उत्तमच, कुठलीही अट नाही!